बिनगाठीचा टाका

"फुफू... तू माझ्या टोपीला हात लावलास का?"

फोनवर सिदराचा आवाज असा काही आला की सफूराच्या हातातली पिठाची वाटी तव्यावरच थबकली. घावन अर्धं पसरलं, अर्धं वाटीतच राहिलं. सतरा वर्षं ज्या पोरीचं रडणं तिने भुकेचं, झोपेचं, पडल्याचं, रुसल्याचं असं आवाजावरून वेगळं ओळखलं होतं, तिचं हे रडणं मात्र तिने कधी ऐकलं नव्हतं.

"होय गो... जरासा," सफूरा म्हणाली. "का? काय झालं?"

पलीकडून बांध फुटावा तसा हुंदका आला. "ते म्हणतात मी चीटिंग केली! रईसा टीचरच्या फोनवरून बोलतेय. एक्झामिनर म्हणतात टोपीवर दोन जणींच्या हातांचं काम आहे. एक वाजता त्या मार्क्स ऑनलाइन भरणार, आणि एकदा भरले की चेंज नाही होत. प्रॅक्टिकलमध्ये फेल म्हणजे ट्वेल्थ फेल, फुफू! सर्टिफिकेटच नाही मिळणार..."

घावन करपल्याचा वास घरभर पसरला. सफूराने गॅस बंद केला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा झाले होते.

"रडू नको," ती म्हणाली. "मी येते."

येते म्हणाली खरी, पण इतक्या वर्षांत त्या शाळेच्या फाटकाच्या आत तिने पाऊल टाकलं नव्हतं. पोरीला बसपर्यंत सोडायचं आणि बसवरून आणायचं, एवढीच तिची हद्द. त्याला कारण होतं, आणि ते कारण तिच्या पर्सच्या आतल्या खणात, रुमालात गुंडाळून ठेवलेलं होतं.

ही सगळी गोष्ट त्या टोपीपर्यंत कशी आली, ते आधी सांगायला हवं. सफूरा ही सिदराच्या अब्बांची, हुसैनमियाँची, थोरली बहीण, म्हणजे सिदराची फुफू, आत्या. गाव म्हसळा. बाप बोटीवर होता, तो एका खेपेला गेला आणि परत आलाच नाही. तेव्हा सफूरा नववीत, गणितात वर्गात पहिली. हुसैन चौथीत. घरात एक शिलाई मशीन आणि एक आजारी आई. शाळेत एकानेच जायचं असं ठरलं, म्हणजे खरं तर कोणी ठरवलं नाही. सफूरानेच एका सकाळी दप्तर उचलून हुसैनच्या खांद्याला अडकवलं आणि स्वतः मशीनवर बसली. गावातल्या बायकांची पोलकी, बुरखे, लग्नातले ओढणीचे काठ... तिच्या सुईच्या टोकावर हुसैन दहावी झाला, मुंबईला जाऊन बी.कॉम. झाला, मस्कतला रुवीत एका बांधकाम-सामानाच्या व्यापाऱ्याकडे लागला. मधल्या काळात तिला स्थळं येत होती, पण हुसैनची कुठली ना कुठली परीक्षा नेमकी तेव्हाच असायची! शेवटी परीक्षा संपल्या आणि स्थळंही संपली. सफूराने याचा कधी बाऊ केला नाही. 'एकाच कापडात दोन अंगरखे बसत नाहीत,' एवढंच ती म्हणे.

मग हुसैनमियाँचं लग्न झालं. अंबरीन नर्स, नोकरी सोहारच्या दवाखान्यात, आठवड्यातले चार दिवस मुक्काम तिकडेच. सिदरा तीन महिन्यांची झाली तेव्हा प्रश्न पडला की पोर सांभाळायची कोणी? हुसैनमियाँनी गावी फोन केला. बहिणीचा व्हिसा काही केल्या निघेना. कामवालीचा मात्र निघत होता.

"कागदापुरतंच, आपा," तेव्हा हुसैनमियाँ फोनवर अडखळत म्हणाले होते.

"अरे, कागदाला काय समजतं?" सफूरा हसून म्हणाली होती, आणि विमानात बसली होती. सहा महिन्यांसाठी आली ती सतरा वर्षं राहिली. मस्कतच्या वादी अदाई भागातल्या त्या तीन खोल्यांत तिच्यावाचून मीठ सापडत नसे की कोणाचे मोजे. पण तिच्या रेसिडेंट कार्डावर, नावाच्या खाली, ज्याला इथे मेहना म्हणतात त्या व्यवसायाच्या ओळीत, 'घरकामगार' असंच छापलेलं होतं. दर खेपेला कार्ड नवं झालं की हुसैनमियाँ ते तिच्या हातात उलटं करून देत. तीही ते उलटंच घेई आणि रुमालात गुंडाळून ठेवी. सिदराने ते कार्ड कधी पाहिलं नव्हतं. ती दोघांचीही न बोलता झालेली बोली होती.

टोप्यांचा नाद तिला लावला तो खालच्या मजल्यावरच्या उम्म सालिमने. ही ओमानी म्हातारी दुपारभर दारात बसून कुम्मा शिवायची. कुम्मा म्हणजे ओमानी पुरुष डोक्याला घालतात ती नक्षीची गोल टोपी. पांढऱ्या कापडाला टोच्याने बारीक भोक पाडायचं आणि भोकाचा काठ रेशमाने इतका दाट बांधायचा की कापडात चांदणं पडावं. त्या भोकांना म्हातारी तारे म्हणायची. एकमेकींची भाषा येत नसताना दोघींचं सूत असं जुळलं की विचारू नका. म्हातारीने तिला दोन गोष्टी शिकवल्या. एक, ताऱ्याला गाठ मारायची नाही. धाग्याचं टोक टाक्यांच्याच पोटात दडवायचं, कारण नमाजात सजद्याला वाकून कपाळ जमिनीला लागतं तेव्हा गाठ टोचते. आणि दुसरी तिच्या घरची रीत... नवशिक्या पोरीच्या पहिल्या टोपीवरचा शेवटचा एक तारा शिकवणारीने घालायचा, बरकतीसाठी. उम्म सालिम जाऊन आता पाच वर्षं झाली होती, पण सफूराच्या बोटांत ती अजून बसलेली होती.

आणि मग सिदरा अकरावीत गेली. तिने गणित सोडलं आणि पाचवा विषय म्हणून चक्क फॅशन स्टडीज घेतला! स्किल सब्जेक्ट, म्हणजे कौशल्याचा विषय. इतर विषयांइतकाच मोलाचा, त्यात पास झाल्याशिवाय बारावी नाही. हुसैनमियाँ त्या दिवशी जेवले नाहीत.

"शिवणकाम?" ते ओरडले होते. "शिवणकामासाठी तुला एवढ्या मोठ्या शाळेत घातली?"

"अब्बा, इट्स अ रिअल सब्जेक्ट! डिझाइनच्या कॉलेजमध्ये यालाच—"

"माझ्या घरात सुईदोरा दिसता कामा नये. शाळेत काय ते शिक."

तेव्हा सफूरा ओट्यापाशी पाठ करून उभी होती. 'माझ्या घरात सुईदोरा नको'... ज्या सुईने हे घर उभं राहिलं तिलाच या घराची बंदी! तिच्या काळजात काहीतरी खोल रुतलं, आणि तिने नळ सोडून भांडी घासायला घेतली. पुढे परीक्षा जवळ आली तसे हुसैनमियाँच नरमले आणि सिदराला शिकवायला रुवीतल्या बुटिकांमध्ये मास्तरीण शोधत हिंडू लागले. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हा! ते दुकानात असताना, दुपारी दोन ते चार, सिदरा आपल्या फुफूच्या मांडीला मांडी लावून तारे बांधायला शिकत होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

सिदराचा हात काही फुफूचा नव्हता. तिचे तारे एक लहान, एक मोठा, एखादा चक्क अंड्यासारखा. शिवाय गाठ मारल्याशिवाय तिला धाग्याचा भरवसाच वाटत नसे. "फुफू, सुटला तर?" "नाय सुटत गो, धाग्यावर भरवसा ठेव." पण पोरगी गाठ मारायचीच. दीड महिन्यात तिने टोपीची सगळी पट्टी पुरी केली, स्वतःच्या हाताने, बोटं टोचून घेत. परीक्षेच्या आदल्या दुपारी ती पुस्तकावर डोकं ठेवून झोपली, आणि सफूराने टोपी इस्त्री करायला हातात घेतली.

तिला फक्त एक तारा घालायचा होता... बरकतीचा. एक घातला. तो सिदराच्या ताऱ्यांशेजारी असा उठून दिसला की बाकीचे बिचारे उघडे पडले. म्हणून त्याच्या सोबतीला दुसरा घातला. मग मागच्या बाजूला सिदराचे तारे विरळ वाटले, म्हणून मधल्या मोकळ्या जागा भरत गेली. माया आणि सुई एकदा चालायला लागली की त्यांना थांब म्हणणारं कोण! सूर्यास्ताच्या अजानला तिने मान वर केली तेव्हा टोपीच्या मागच्या अर्ध्या भागात एक्केचाळीस नवे तारे दाटीवाटीने चमकत होते. जन्मात तिच्या हातून इतकं देखणं काम झालं नव्हतं. तिने टोपी मलमलीत गुंडाळून डब्यात ठेवली, डबा सिदराच्या बॅगेत ठेवला, आणि मनाशीच हसली. सकाळी सिदराने घाईत डबा उघडलाही नाही. तो उघडला तो थेट परीक्षकांच्या टेबलावर.

टॅक्सीने सफूरा शाळेच्या फाटकाशी उतरली तेव्हा सव्वाअकरा झाले होते. जानेवारीचं कोवळं ऊन होतं, मैदानावर लहान पोरं कवायत करत होती. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"कार्ड दिखाओ, अम्मा," वॉचमन म्हणाला.

तिने रुमाल सोडला. वॉचमनने कार्ड वाचलं, रजिस्टरात लिहून घेतलं आणि बाजूच्या बाकाकडे बोट दाखवलं. "मेड लोग इधर बैठता है. पेरेंट को भेजो, अंदर पेरेंट जाएगा."

त्या बाकावर आणखी दोन बायका डबे घेऊन बसल्या होत्या. सफूरा त्यांच्याशेजारी बसली. अपमान वाटायला तिच्याकडे वेळच नव्हता. ती फक्त घड्याळाकडे बघत होती. इतक्यात आतून सिदरा धावत आली, मागोमाग रईसा टीचर. रईसा चिपळूणची, सिदराची विषयशिक्षिका, आणि तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं की ती पोरीच्या बाजूची आहे.

"ही माझी फुफू आहे, तिला का बसवलं इथे?" सिदराने विचारलं.

वॉचमनने गोंधळून रजिस्टर फिरवलं. "बेबी, कार्ड में हाउसमेड लिखा है..."

सिदराने रजिस्टर वाचलं. मग टेबलावरचं कार्ड उचललं. सफूराने हात पुढे केला, पण उशीर झाला होता. पोरगी त्या कार्डाकडे बघत राहिली... फुफूचा फोटो, फुफूचं नाव, आणि खाली ती ओळ.

"फुफू, हे काय आहे?"

"कागद आहे गो," सफूरा घाईघाईने म्हणाली. "कागदाचं काय एवढं? चल, वेळ जातोय."

रईसा टीचरने वॉचमनकडून पाहुण्यांची चिठ्ठी लिहवून घेतली आणि सफूराला आत नेलं. वर्गात परीक्षक बाई टेबलापाशी बसल्या होत्या. दुसऱ्या शाळेतून आलेल्या, केरळच्या, पांढरे केस चापून बांधलेल्या, चष्म्याआडून कापड वाचणाऱ्या. समोर टोपी उलटी करून ठेवली होती आणि शेजारी सिदराची फाइल उघडी होती. फाइलमध्ये एक पान होतं... 'मार्गदर्शक कारागीर: नाव, विद्यार्थ्याशी नातं, व्यवसाय, सही.' ते पान कोरं होतं. बुटिकातली मास्तरीण शेवटपर्यंत मिळाली नव्हती, आणि घरातल्या मास्तरणीचं नाव लिहायची सिदराला हिंमत झाली नव्हती.

"ये दो हाथ का काम है," बाई शांतपणे म्हणाल्या. "आगे का काम बच्ची का है. पीछे का काम..." त्यांनी एका ताऱ्यावर बोट ठेवलं, आणि त्यांचा आवाज नकळत मऊ झाला. "पीछे का काम किसी उस्ताद का है. किसने किया?"

"मैंने," सफूरा म्हणाली.

"आप कौन?"

उत्तर द्यायच्या आतच दार उघडलं आणि हुसैनमियाँ आत आले. शाळेने त्यांनाही फोन केला होता. कपाळावर घाम, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र तसंच लटकत. बहिणीला तिथे पाहून ते दारातच थिजले.

परीक्षक बाईंनी हातातल्या पाहुण्यांच्या चिठ्ठीकडे पाहिलं. तिच्यावर फाटकावरच्या रजिस्टरातलं सगळं उतरवलेलं होतं. "इसमें हाउसमेड लिखा है. ये आपकी मेड है?" त्यांनी हुसैनमियाँना विचारलं. "बच्ची ने परीक्षा का काम घर की मेड से करवाया?"

सफूराने भावाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. इथल्या कोकणी जमातीत चार माणसं ज्याला मान देतात, ज्याच्या शब्दावर सोयरिकी जुळतात, त्याने सख्ख्या थोरल्या बहिणीला मोलकरणीच्या कागदावर आणून ठेवली, हे रईसा टीचरसमोर, म्हणजे उद्या साऱ्या जमातीसमोर, उघडं पडणार होतं. आणि सफूराने जन्मभर जे केलं तेच केलं... पुढे झाली आणि त्याच्या वाटचं स्वतःच्या अंगावर घेतलं.

"हां, मेड हूँ," ती म्हणाली. "लेकिन बच्ची को मालूम नहीं था. गलती मेरी है. उसको पास करो, मॅडम... मैं हात जोडती हूँ!"

"नो!" सिदरा किंचाळली. "खोटं बोलतेय ती! अब्बा, सांगा ना! तुम्ही का काही बोलत नाही? शी रेज्ड मी! मला ताप आला की कोण जागतं? मला तारे कोणी शिकवले? तुम्ही नको म्हणालात तरी तिनेच शिकवले... अब्बा, फुफू मेड आहे आपली?"

हुसैनमियाँची नजर टेबलावरच्या टोपीवर गेली. ते दाट, गोल, एकसारखे टाके... अशाच टाक्यांचा काठ असलेला सदरा घालून ते म्हसळ्याहून मुंबईला गेले होते. तो सदरा कॉलेजात पोरं हसतील म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात ट्रंकेच्या तळाशी घातला होता. तेव्हापासून सुईदोरा दिसला की त्यांच्या छातीत काहीतरी टोचायचं, आणि टोचतं म्हणून त्यांनी सुईदोराच घरातून हद्दपार केला होता.

"मॅडम," ते म्हणाले, आणि आवाज इतका फाटला की सगळ्यांनी वर पाहिलं. "ये मेरी बड़ी बहन है. व्हिसा नहीं मिलता था, तो मैंने... मैंने मेड के कार्ड पे बुलाया. सत्रह साल. शरम इसको नहीं, मुझे आनी चाहिए." मग ते बहिणीकडे वळले आणि मराठीत, म्हसळ्याच्या त्या जुन्या घरातल्या पोरासारखे म्हणाले, "आपा, तू नववीत पहिली होतीस गो! तुझं दप्तर मी नेलं... आणि तुला देताना मी कार्ड उलटं करून देत राहिलो. तू एकदा तरी सुलटं करून माझ्या तोंडावर का नाय मारलंस?"

सफूराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "वेडा आहेस," एवढंच तिला म्हणता आलं.

रईसा टीचर खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्या म्हणाल्या की दुःख समजलं, पण गुण दुःखाला देता येत नाहीत. गुण बच्चीच्या हाताला द्यायचे आहेत, आणि तिचा हात कुठे संपतो ते कळत नाही तोवर त्या काही लिहू शकत नाहीत. बाराला दहा मिनिटं कमी होती.

सफूराने डोळे पुसले. तिच्या मनात एकदम सगळं लख्ख झालं. "मॅडम, मेरा टाका अलग होता है," ती म्हणाली. "बच्ची गाँठ मारती है. मैं नहीं मारती." तिने टेबलावरची सुई उचलली आणि टोपी हातात घेतली. एका देखण्या ताऱ्याच्या पोटात सुईचं टोक घालून तिने दडलेला धागा बाहेर काढला आणि हलकेच ओढला. तारा सुटत गेला... एक टाका, दुसरा, तिसरा, आणि मागे उरलं नुसतं भोक. मग तिने सिदराचा एक वाकडा तारा ओढून दाखवला. तो जागचा हलला नाही. गाठ घट्ट होती.

"फुफू, नको!" सिदरा म्हणाली. "ते किती सुंदर आहेत..."

"सुंदर आहेत, पण तुझे नाहीत," सफूरा म्हणाली. "बस तिथे."

तिने एकेक करून एक्केचाळीस तारे उसवले. तीस-पस्तीस वर्षांचा हात, पाठीत उसण भरेपर्यंत बसून कमावलेला, तिने आपल्याच हाताने धागा धागा करून टेबलावर काढून ठेवला. पहिल्या पाचसहा ताऱ्यांना तिचा जीव तुटला. मग तो तुटायचा थांबला आणि एक विलक्षण हलकेपणा तिच्या बोटांत उतरला. हुसैनमियाँ शेजारी उकिडवे बसून सुटलेले धागे ओंजळीत गोळा करत होते. शेवटी राहिला तो बरकतीचा, पहिला तारा. ती थबकली, क्षणभरच... आणि तोही तिने सोडवला.

टोपीची मागची बाजू उघड्या भोकांची झाली. पुढून मागून आता जे दिसत होतं ते लहान-मोठं, वाकडंतिकडं, पण सगळं सिदराचं होतं. परीक्षक बाईंनी तिला समोर बसवून नव्या कापडावर एक तारा घालायला लावला. तारा अंड्यासारखा आला, आणि शेवटी तिने सवयीने गाठ मारली. बाईंनी तो टोपीवरच्या ताऱ्यांशी ताडून पाहिला आणि पहिल्यांदा हसल्या.

"यही हाथ है," त्या म्हणाल्या. "मेहनत पूरी है. सफाई अभी आएगी." मग फाइलचं कोरं पान हुसैनमियाँपुढे सरकवलं. "ये भी भरिए."

हुसैनमियाँनी पेन घेतलं. नावापुढे लिहिलं, सफूरा. नात्यापुढे लिहिलं, आत्या. व्यवसायाच्या ओळीवर पेन थांबलं.

"आपा," त्यांनी विचारलं, "इथे काय लिहू?"

हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारलाच नव्हता. तिने थोडा विचार केला.

"लिही, टोप्या शिवते," ती म्हणाली. "आणि शिकवते."

सही मात्र तिने स्वतः केली, देवनागरीत, नववीच्या वहीवर करायची तशी, शेवटच्या अक्षराखाली छोटी रेघ ओढून. एकला पाच मिनिटं असताना परीक्षक बाईंनी गुण भरले. किती, ते त्यांनी सांगितलं नाही, पण जाताना त्यांनी सफूराचा हात हातात घेतला आणि बोटांची टोकं बघितली.

घराशी पोचल्यावर हुसैनमियाँ म्हणाले की उद्याच कार्डाचं बघतो. आता नियम काय आहेत, कोणाला भेटायचं, किती खेपा घालाव्या लागतील, बघतोच. सफूरा म्हणाली, "बघ हो सावकाश. आधी जेवा. सकाळपासून घावनाचं पीठ तसंच पडलंय." ते पीठ आंबलं होतं, तरी तिने त्याचीच घावनं केली, आणि तिघांनी ती चवीने खाल्ली. गुरुवारी अंबरीन सोहारहून आली. सगळं ऐकून ती उठली. नणंदेच्या खोलीत गेली आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ पडून राहिली.

मे महिन्यात निकाल लागला. बाहेर ऊन असं की दाराची कडी हाताला चटका देई, आणि घरात नुसता जल्लोष! सिदरा पाचही विषयांत पास झाली. फॅशन स्टडीजमध्ये शंभरपैकी एक्काहत्तर. पहिला नंबर वगैरे काही नाही, पण ते एक्काहत्तर तिच्या एकटीच्या बोटांचे होते, आणि ती ते सगळ्यांना सांगत सुटली.

टोपीही परत आली. जूनच्या सुट्टीत सिदराने ती उघडी भोकं बांधायला घेतली. आता ती दिवसाढवळ्या, दिवाणखान्यात बसून शिवत होती, आणि हुसैनमियाँ दुकानातून आले की आधी वाकून किती झाले ते विचारत. पोरीचा हात सुधारला होता. चाळीस तारे झाले आणि तिने सुई खाली ठेवली.

"एक राहिलाय गो," सफूरा म्हणाली.

"तो तुझा, फुफू. बरकतीचा." सिदरा डोळे मिचकावून म्हणाली, "बट ओन्ली वन, हां! मी बसून बघणार आहे."

शुक्रवार होता. हुसैनमियाँ जुम्म्याच्या नमाजला निघण्यासाठी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून उभे होते. सफूराने सुईत रेशीम ओवलं, काठ बांधत बांधत तारा पुरा केला, आणि सवयीने धाग्याचं टोक टाक्यांच्या पोटात दडवायला घेतलं.

"आपा, थांब," हुसैनमियाँ म्हणाले. "या एकाला गाठ मार."

"अरे, टोचेल ना! तूच घालणार ना ही? नमाजभर डोक्याला लागत राहील."

"टोचू दे," ते म्हणाले आणि तिच्यासमोर खाली बसले, लहानपणी सदऱ्याचं बटण लावून घ्यायला बसत तसे. "हा सुटलेला मला चालणार नाही."

सफूराने त्याच्याकडे पाहिलं. मग उम्म सालिमची मनातल्या मनात माफी मागितली, धागा बोटाला वेढून आयुष्यात पहिल्यांदा ताऱ्याला गाठ मारली आणि ती घट्ट आवळून दाताने धागा तोडला. टोपी तिने आपल्या हाताने भावाच्या डोक्यावर ठेवली.

"जा आता," ती म्हणाली. "उशीर होईल."